बॅटरी कुठं मुरतेय?

सोमवार, ३ मार्च

ही दैनंदिनी बायकोच्या सांगण्यावरून सुरू करतोय. ती दातांची डॉक्टर आहे. तिचं म्हणणं, मी घरात पाऊल टाकल्यापासून ऑफिसबद्दल बोलत सुटतो आणि दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नाही. "माझ्या खुर्चीत जबडा वासून पडलेले पेशंटसुद्धा तुझ्यासमोरच्या माणसांपेक्षा जास्त बोलतात," म्हणाली. मी म्हटलं, मी कधी कोणाला मध्ये तोडलंय? ती म्हणाली, "आत्ताच मी सांगत होते की—" पण मला फोन चार्जिंगला लावायचा होता, म्हणून उठलो.

तर हकीकत अशी. मी वायरलेस संच बनवतो. हातात धरून बोलायचे. बटण दाबून आपण बोलायचं, बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. आतला बोर्ड, त्यावरचा प्रत्येक भाग, अँटेना, बॅटरी, सगळं माझं. आत चालणारा प्रोग्राम तेवढा सॉफ्टवेअरवाल्याचा. जे जे बिघडतं ते त्याचंच असतं असा माझा अनुभव आहे. त्याचा अनुभव बरोबर उलटा आहे.

सध्याचा संच अग्निशमन दलासाठी आहे. दोन वर्षं त्याच्यापायी रक्त आटवलंय. एकदा चार्ज केला की जवानाची अख्खी पाळी निघाली पाहिजे, असा शब्द आम्ही दिलाय. पुढच्या महिन्यात दलप्रमुखांसमोर प्रात्यक्षिक आहे. आमच्या विभागप्रमुख बाईंना मी मनातल्या मनात तारीखबाई म्हणतो. आज जिन्यात भेटल्या तर नमस्काराच्या जागी "तारीख?" एवढंच म्हणाल्या.

रविवार, ९ मार्च

प्रयोगशाळेत संच झकास चालतात. पण प्रयोगशाळेत सगळंच झकास चालतं. खरी परीक्षा घरात, भिंती, लिफ्ट आणि लोखंडी कठडे मध्ये असताना. म्हणून एक जोडी घरी आणली. एका संचाला मी थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. थोरला बाबांच्या खोलीत खिडकीवर ठेवला. धाकटा समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर, हेडबाईंच्या गॅलरीत. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पूर्वी रोज खाली बागेत बसायच्या, बाबाही तिथेच असायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत.

चाचणी सोपी आहे. दोन्ही संच नुसते चालू राहणार. मिनिटामिनिटाला एक दुसऱ्याला विचारणार, "आहेस का?" दुसरा म्हणणार, "आहे." बस्स. मी रोज संध्याकाळी दोन्हीकडच्या बॅटऱ्या बदलणार आणि किती उतरल्या ते बघणार. संपर्क तपासायला मी दोघांनाही एकदाच बटण दाबून बोलायला लावलं. बाबा म्हणाले, "हॅलो. इकडून बोलतोय. ओव्हर." तिकडून आवाज आला, "ऐकू येतंय. पाठ ताठ ठेवून बोला. ओव्हर." बाबा खरंच ताठ झाले.

मग दोघांनाही बजावलं, आता याला हात लावायचा नाही. चाचणीच्या कागदावर 'वापरणारा' या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहिलं. बाबांची मला काळजीच नाही. कोर्टात लघुलेखक होते, जन्म दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात गेला. आई गेल्यापासून तर दिवसाला चार वाक्यं बोलतात. टीव्हीच्या रिमोटलासुद्धा शिवत नाहीत. चाचणीला याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता.

मंगळवार, ११ मार्च

बॅटरी! संध्याकाळी थोरल्यात जेमतेम पाव उरली होती. पाऊण तरी उरायला हवी होती. समोर धाकट्याकडे गेलो, तिथेही तेच रडगाणं. प्रयोगशाळेतली जोडी मात्र ठणठणीत. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. वीज मुरतेय, खरं तर.

सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "हार्डवेअर." मी म्हटलं, "सॉफ्टवेअर." चर्चा इथेच संपली.

शुक्रवार, १४ मार्च

वाटलं, खिडकीतल्या उन्हाने बॅटरी तापत असेल. म्हणून आज थोरल्याला फ्रिजमध्ये ठेवून गेलो. बायको दुपारी जेवायला घरी आली तेव्हा बाबा फ्रिजचं दार सताड उघडून आत डोकं घालून उभे होते म्हणे. "काय बाबा?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही, कोथिंबीर बघत होतो." या वयात भूक वाढणं हे चांगलंच लक्षण.

बॅटरी तरीही उतरली. म्हणजे ऊन निर्दोष आहे. आणखी एक गंमत. फ्रिजच्या पत्र्यातून लहरी जात नाहीत, त्यामुळे दार बंद असताना दोन्ही संचांचा संपर्क तुटायला हवा होता. सकाळी तुटलाही. पण दुपारी बराच वेळ तो व्यवस्थित होता. याचा अर्थ फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी सैल झालीय. मेकॅनिकला बोलवायला हवं.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "भाजीत मीठ जरा कमी आहे. ओव्हर." आणि स्वतःच दचकले. मी म्हटलं, बघा, संच घरात असला की घराला शिस्त लागते. बायकोला जोराचा ठसका लागला.

सोमवार, १७ मार्च

वाईट दिवस. तारीखबाईंनी खोलीत बोलावून दार लावून घेतलं. बॅटरीचा प्रश्न प्रात्यक्षिकापर्यंत सुटला नाही तर कंपनी बाहेरून तयार संच आणणार, त्यावर आपलं नाव चिकटवणार आणि माझा विभाग बंद करणार. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाल्या, "तुम्हाला खरेदी विभागात घेऊ." म्हणजे दुसऱ्यांच्या संचांची खोकी मोजायची. त्यापेक्षा मी बायकोच्या दवाखान्यात पाण्याचे पेले भरेन.

बॅटरीची वीज नियंत्रित करणारी चिप बदलायचं ठरवलं. चोर तीच असणार. नव्या चिपा मागवल्या.

गुरुवार, २० मार्च

चिप बदलली. उतरतेच आहे.

संध्याकाळी डोकं धरून बसलो होतो तर बाबा येऊन समोर उभे राहिले. "अरे, ते तुझ्या बॅटरीचं मला जरा—" मी म्हटलं, बाबा, तुम्ही काळजी करू नका, तुमच्या खिडकीचा काही दोष नाही, ऊन आम्ही कधीच बाद केलंय. "ऊन नाही रे. मी आणि त्या—" त्या चिपाही बदलल्या बाबा, म्हटलं, दोन्ही संचांतल्या. ते परत आपल्या खोलीत गेले. बिचारे. मदत करायची इच्छा आहे, पण विषय अवघड आहे.

हल्ली बाबा रोज दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. मी बायकोला म्हटलं, चाचणी सुरू आहे याची त्यांना जाणीव आहे, कोर्टातली सवय. ती म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं? तो शर्ट संचासाठी नाहीये, तो—" मी म्हटलं, कोणासाठी का असेना, माझी बॅटरी उतरतेय आणि तू शर्टाचं काय घेऊन बसलीस? ती म्हणाली, "बरं." तिचं हे "बरं" मला आवडत नाही.

रविवार, २३ मार्च

युरेका! आज दिवसभर मी थोरल्यासमोर खुर्ची टाकून बसलो, टक लावून. बॅटरी ठरल्यापेक्षा जराही जास्त उतरली नाही! मागच्या दोन्ही रविवारच्या नोंदी काढल्या. तेव्हाही नाही! रविवारी संच शहाण्यासारखा वागतो. रविवारी काय बंद असतं? कारखाने! त्यांच्या मोटारींचा गोंगाट लहरींत मिसळत असणार.

बाबाही दिवसभर समोरच्या पलंगावर मूग गिळून बसले होते. एकदा संचाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. दुपारी चहा झाल्यावर म्हणाले, "तुला कुठे बाहेर जायचं नाही का?" मी म्हटलं, छे, आज तुमच्याबरोबरच आहे. पलीकडे हेडबाई गॅलरीत उभ्या होत्या. गुडघा सुधारतोय वाटतं.

मंगळवार, २५ मार्च

आसपास चौकशी केली. जवळपास एकही कारखाना नाही.

शुक्रवार, २८ मार्च

सॉफ्टवेअरवाल्याने अखेर उपकार केले. दोन्ही संचांत एक मोजणी टाकली, बटण कधी दाबलं जातं आणि किती वेळ. आज दोघांनी मिळून ती उघडली. मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. दुपारभर बटण दाबलेलंच! बोलायला बटण दाबलं की संच सर्वांत जास्त वीज खातो. चोर सापडला. बटणाचं रबर अडकतंय! आणि मी इतके दिवस त्या गरीब चिपेला फासावर चढवत होतो.

सॉफ्टवेअरवाला पडद्याकडे बघत म्हणाला, "पण हे बघा ना, आधी थोरल्याचं दाबलं जातं, ते सुटलं की धाकट्याचं. मग परत थोरल्याचं. आळीपाळीने. आणि तुम्ही घरी असलात की एकदाही नाही. अहो, म्हणजे हे तर सरळसरळ दोन—"

"दोन्हीकडे एकच दोष!" मी ओरडलो. एकाच्या लहरींनी दुसऱ्याचं बटण आपोआप दाबलं जातंय. असा दोष आजवर कोणी नोंदवला नसेल. सॉफ्टवेअरवाल्याने मोजणीचा पडदा बंद केला. म्हणाला, "एकदा तिथे जाऊन ऐका तरी." ईर्ष्या, दुसरं काय. पण सूचना वाईट नाही.

घरी येऊन जेवलो नाही. हे सिद्ध कसं करायचं, याच विचारात. बाबांनी ताटावरून दोनदा विचारलं, "नोकरीचं काही आहे का रे?" मी म्हटलं, तुम्ही जेवा.

बुधवार, २ एप्रिल

हे आज लिहिलंच पाहिजे, आणि जसं झालं तसं.

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तिसरा संच घेऊन दोन्ही इमारतींच्या मधल्या बागेत बाकावर बसलो. बटण अडकल्याची खरखर पकडायची होती. हेडफोन लावला. जरा वेळाने बटण दाबल्याची टिक ऐकू आली. आणि मग बाबांचा आवाज आला.

ते वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. अग्रलेख. माझ्या बाबांना मी एवढं सलग बोलताना कधी ऐकलेलं नाही. मध्ये थांबून स्वतःचं मत देत होते. विनोद करत होते! हेडबाई त्यांचे उच्चार सुधारत होत्या आणि हसत होत्या. मी आधी मनात म्हटलं, यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला, जिन्यातला दिवा उशिरा लागतो तसा.

हेडबाई म्हणाल्या, "आज तुमचं वाचनात लक्ष नाही. काय झालं? ओव्हर."

"मुलगा. नीट जेवत नाही. त्याचा विभाग बंद करणार आहेत म्हणे. आणि त्याची बॅटरी आपण दोघं खातोय. ओव्हर."

"मग सांगा त्याला. ओव्हर."

"दोन-तीनदा गेलो सांगायला. माझ्या पहिल्या चार शब्दांतच तो पुढचं वाक्य स्वतः बोलून टाकतो. आणि ते माझं नसतं. तुमच्याशी बोलायला लागलो तेव्हा कळलं, या यंत्रात एक बरं आहे. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला—"

मला राहवलं नाही. मी बटण दाबून ओरडलो, "बाबा! बाबा, मी आहे!" बागेतली कबुतरं उडाली. पण ज्याने बटण दाबलंय त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. संच तसाच बनवलाय. मीच बनवलाय. मी आणखी दोनदा ओरडलो आणि मग लक्षात आलं, मी जितका वेळ बटण दाबून आहे तितका वेळ बाबा काय बोलतायत ते मला ऐकू येत नाहीये. तेवढं बोलणं गेलंच. ते काय होतं, आता कधीच कळणार नाही.

मी बोट उचललं.

"...ती होती तेव्हा सगळं तिच्याशी बोलायचो. ती गेली आणि घरात माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. आता तुमच्यामुळे सकाळी उठल्यावर वाटतं, हे दुपारी सांगायचं, ते दुपारी सांगायचं. पण त्याची दोन वर्षांची मेहनत आहे हो. माझ्या गप्पांपायी पोराचं नुकसान नको. आजचं शेवटचं. उद्यापासून याला हात लावायचा नाही, त्याने सांगितलं होतं तसं. ओव्हर."

मग हेडबाई म्हणाल्या, "बरं." त्यांनी ओव्हर म्हटलं नाही.

मला भर दुपारी बागेत रडू आलं. लपवण्यासारखं काही नाही, वहीच आहे. डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"बाबा, मी बोलतोय. खाली बागेत आहे. संच चांगला आहे. बॅटरीही चांगली आहे. तुम्ही बोलणं बंद करू नका, अजिबात बंद करू नका, मी रोज दोन जादा बॅटऱ्या आणून देतो, चार आणतो, तुम्ही फक्त—"

बोलत राहिलो. बटण सोडायचं भानच नव्हतं. सोडलं तेव्हा हेडबाईंचा आवाज आला, "वर्गात न विचारता कोण बोललं? आधी हात वर करायचा. आणि वाक्य संपल्यावर ओव्हर म्हणायचं असतं. ओव्हर."

मी खरंच हात वर केला. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाबा उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, संच तोंडाशी धरून.

"तू कधीपासून ऐकतोयस? ओव्हर."

"आत्तापासून," मी म्हटलं. "ओव्हर."

गुरुवार, ३ एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कोथिंबीर बघायला माणूस फ्रिजमध्ये 'ओव्हर' म्हणतो का?" मग मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, "सांगितलं होतं. तुझी वही काढून बघ." बघितलं. वीस मार्च. सांगत होती खरी.

शुक्रवार, ११ एप्रिल

प्रात्यक्षिक झालं. दलप्रमुख उंचपुरे, आवाज भोंग्यासारखा, त्यांना संचाची गरज काय असा प्रश्न पडावा. त्यांनी एकच विचारलं, "माणूस सारखा बोलत राहिला तर किती टिकेल?" जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही एवढा पुरावा माझ्याकडे होता. दोन माणसं आठवडेच्या आठवडे दुपारभर आळीपाळीने बोललीत आणि बॅटरी एकदाही संध्याकाळच्या आत संपलेली नाही. त्यांनी आकडे पुन्हा पुन्हा बघितले. "आमचे जवान इतकं बोलत नाहीत. कोण आहेत हे?"

मी म्हटलं, एक निवृत्त लघुलेखक आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. दलप्रमुख म्हणाले, "मग आमच्याकडे नक्की टिकेल." आणि होकार दिला.

विभाग वाचला. तारीखबाई पहिल्यांदाच हसल्या, आणि हसत हसत पुढच्या संचाची तारीख विचारली. सॉफ्टवेअरवाला सगळ्यांना सांगत फिरतोय की प्रश्न त्याच्या मोजणीने सुटला. फिरू दे. चाचणीचा कागद मी दुरुस्त केला. 'कोणी नाही' खोडून लिहिलं, 'वापरणारे : दोन. दोघंही बोलके.'

शनिवार, १९ एप्रिल

थोरला आणि धाकटा कंपनीकडून रीतसर मागून घेतले. टिकाऊपणाची दीर्घ चाचणी, असं कारण दिलं. धाकट्याची बॅटरी बदलायला आता बाबा स्वतः जातात, रोज संध्याकाळी सहा मजले लिफ्टने. बॅटरी बदलायला अर्धं मिनिट लागतं, बाबांना दीड-दोन तास लागतात. पण हाताला सवय नसली की वेळ लागायचाच. एवढी तंत्रज्ञानाची आवड त्यांच्यात होती हे मला माहीत नव्हतं. बायकोला हे सांगितलं तर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हसत राहिली.

आज बाबा म्हणाले, "उद्या हेडबाई आपल्याकडे जेवायला येणार आहेत. आम्हा दोघांना तुम्हाला एक सांगायचंय." मी तोंड उघडलं. आणि मिटलं. ते पुढे म्हणाले, "उद्याच सांगू. समोरासमोर. ओव्हर."

बायकोने दम भरलाय, उद्या एका शब्दाने मध्ये बोललास तर तुझी अक्कलदाढ भूल न देता काढेन. मी म्हटलं, नाही बोलणार, दोघंही ओव्हर म्हणेपर्यंत थांबेन. काय सांगायचं असेल, मला अंदाज आहे. तरी ऐकून घेईन.

दोन जादा बॅटऱ्या आत्ताच चार्जिंगला लावून ठेवल्या आहेत.